उलव्यात थांबायचे कुठे?

शिवडीहून अटल सेतूवर चढलेली गाडी समुद्रावरचे साडेसोळा किलोमीटर अंतर तोडून पलीकडे पोहोचते, तेव्हा तिला पहिला उतार मिळतो तो शिवाजीनगरचा, म्हणजेच उलव्याच्या कडेचा. तेथून डावीकडे वळावे तर नव्या इमारतींची उलवे वसाहत आणि तिच्या पाठीशी विमानतळ. सरळ जावे तर जासई, चिर्ले आणि पुढे पनवेल. उजवीकडे न्हावा, उरण आणि बंदराचा परिसर. कोकण, पुणे आणि मुंबई या तिन्ही दिशांच्या वाटा इतक्या जवळ आलेले दुसरे ठिकाण महानगर प्रदेशात शोधून सापडणे कठीण. तरीही या चौकात येणारा प्रवासी उलव्यात उतरत नाही, तो उलवे ओलांडतो.

हे चित्र बदलण्याची संधी गेल्या दोन वर्षांत चालून आली आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी खारकोपरपर्यंत येऊन थांबलेली उपनगरी रेल्वे उरणपर्यंत धावू लागली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रत्यक्ष विमानसेवा सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. या प्रवाशांपैकी काही जण तरी मुंबईकडे तोंड न वळवता थेट कोकणाच्या वाटेला लागतील. त्यांच्यासाठी राज्याने धोरण केले ते २०२१ मध्ये, कॅराव्हॅन पर्यटनाचे. धोरण आहे, रस्ते आहेत, विमानतळ आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की चाकांवरचे घर घेऊन निघालेल्या कुटुंबाने पहिल्या रात्री थांबायचे कुठे?

चाकांवरचे घर नवे नाही

कॅराव्हॅन हा शब्द मराठी वाचकाला परका वाटेल. कल्पना परकी नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालणारा ट्रक हे एक फिरते घरच असते. त्यात शिधा, भांडी, शेगडी, राहुट्या, अंथरुणे असतात. मागे पाण्याचा टँकर असतो. मुक्कामाच्या गावी जागा मिळाली की अर्ध्या तासात संसार उभा राहतो आणि पहाटे तो पुन्हा चाकांवर चढतो. अष्टविनायकाला निघालेला टेम्पो ट्रॅव्हलर, त्याच्या मागच्या बाकाखाली ठेवलेला स्टोव्ह आणि डब्यातल्या दशम्या हाही त्याच परंपरेचा धाकटा भाऊ. गणपतीत मुंबईहून गोवा महामार्गाने गावी जाणाऱ्या हजारो कुटुंबांना वाटेत गाडी उभी करून चार घास खायला आणि बायकामुलांना स्वच्छतागृहाला जायला जागा लागते. तीही याच गरजेची माणसे आहेत.

फरक आहे तो सोयींच्या दर्जाचा. आजच्या कॅराव्हॅनमध्ये झोपण्याची व्यवस्था, छोटे स्वयंपाकघर, शौचालय, स्वच्छ पाण्याची एक टाकी आणि सांडपाण्याच्या वेगळ्या टाक्या असतात. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला व्हॅनिटी व्हॅन कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. अशा गाड्या बांधण्यासाठी जी साटी आपल्याकडे सर्रास वापरली जाते, तीही पुण्याजवळच्या आकुर्डीतील फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरची आहे. म्हणजे गाडी इथली, बांधणारे हात इथले आणि प्रवासाची सवयही इथलीच. कमी आहे ती मुक्कामाच्या जागेची.

हे ओळखूनच २०२१ च्या राज्य धोरणात दोन भाग करण्यात आले: एक गाडीचा, दुसरा गाडी उभी राहते त्या ‘कॅराव्हॅन पार्क’चा. पाणी, वीज, रस्ता, स्वच्छतागृह आणि सुरक्षितता असलेली अशी ठिकाणे शासकीय किंवा खासगी जागेवर उभी राहावीत आणि ज्या पर्यटनस्थळी हॉटेले बांधणे शक्य वा इष्ट नाही, तेथेही पर्यटकाची सोय व्हावी, असा त्यामागचा विचार. तो बिनचूक होता. केरळने त्याच वर्षी आपले धोरण जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये इडुक्की जिल्ह्यातील वागमोण येथे पहिले पार्क उघडले. गाडी घेणाऱ्यांना तेथील सरकारने अनुदानही देऊ केले. केरळचा अनुभव महाराष्ट्राला एक गोष्ट सांगतो: गाड्यांना उत्तेजन देणे तुलनेने सोपे असते, त्या गाड्यांसाठी जागोजागी मुक्काम उभे करणे अवघड. एका पार्कने सहल होत नाही. दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर दुसरे, मग तिसरे असावे लागते. साखळीतली पहिली कडी नसेल तर पुढच्या कड्या हवेतच लोंबकळतात.

पहिली रात्र आणि शेवटची रात्र

ज्या देशांत हे पर्यटन रुजले, तेथे या साखळीची पहिली कडी बहुधा विमानतळाशेजारी असते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड किंवा क्राइस्टचर्चला उतरलेला प्रवासी विमानतळाजवळच्या आगारातून गाडी ताब्यात घेतो. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुटीत भाड्याचे ‘आरव्ही’ घेऊन राष्ट्रीय उद्यानांकडे निघतात, तीही अशीच शहराच्या कडेच्या आगारातून. तेथे १९६२ मध्ये माँटाना राज्यातील बिलिंग्ज या छोट्या शहरात एका मैदानाच्या तुकड्यावर गाड्यांच्या मुक्कामाची सोय करण्यात आली आणि त्यातून ‘कॅम्पग्राउंड्स ऑफ अमेरिका’ ही देशव्यापी साखळी उभी राहिली. सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला जाणारी वाहने या गावावरून जात होती. ती थांबू शकतील अशी जागा केली, एवढेच त्या आरंभाचे भांडवल होते.

या व्यवहारात पहिल्या आणि शेवटच्या रात्रीला विशेष महत्त्व असते. लांबचा विमानप्रवास करून आलेल्या माणसाने लगेच मोठी गाडी हाकू नये, हा साधा व्यवहार आहे. तो पहिल्या दिवशी फार लांब जात नाही. त्याला भाजी, दूध, तांदूळ, गॅस आणि पाणी भरून घ्यायचे असते. परतताना गाडी धुऊन, टाक्या रिकाम्या करून परत करायची असते. म्हणजे सहल कोकणात किंवा सह्याद्रीत होत असली तरी खरेदी, दुरुस्ती आणि दोन रात्रींचा मुक्काम विमानतळाशेजारच्या छोट्या शहराच्या वाट्याला येतो. नवी मुंबई विमानतळाच्या बाबतीत ते शहर उलवे होऊ शकते. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहूनच सुरू होतो; पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग कळंबोलीहून निघतो. दोन्हींचे तोंड उलव्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

जर्मनीतील छोट्या शहरांनी या व्यवहारातून आणखी एक पायरी गाठली. तेथे ‘श्टेलप्लाट्झ’ नावाच्या जागा असतात: गावाच्या वेशीवर फरसबंद केलेला एखादा तुकडा, दहा-वीस गाड्यांची सोय, पाण्याचा नळ, विजेचा खांब, मैला टाकण्याची जागा आणि माफक भाडे, कित्येकदा तेही नाही. तलाव नाही, बाग नाही, करमणूक नाही. नगरपालिकेचा हिशेब सरळ असतो. गाडी वेशीवर राहील, माणसे मात्र पायी गावात येतील. पाव घेतील, जेवतील, जुनी वेस आणि चर्च पाहतील. ज्या गावाला एरवी कोणी भेट दिली नसती, ते गाव अशा रीतीने नकाशावर येते. छोट्या शहराचे पर्यटन असे घडते. प्रेक्षणीय स्थळ मोठे असावे लागत नाही, थांबण्याचे कारण असावे लागते.

उलव्यात पाहण्यासारखे काय?

या प्रश्नाचे उत्तर सहसा खांदे उडवून दिले जाते. सिडकोच्या आखणीतील रस्ते, सेक्टरचे क्रमांक, एकसारख्या इमारती. यात पाहायचे काय? पण ज्याला एक शहर डोळ्यांसमोर घडताना पाहायचे आहे, त्याच्यासाठी उलव्याइतके बोलके ठिकाण नाही.

विमानतळाची धावपट्टी आज जेथे आहे, तेथे सुमारे ९२ मीटर उंचीची उलव्याची टेकडी होती. ती सुरुंग लावून सपाट करण्यात आली आणि उलवे नदीचे पात्र वळवण्यात आले. टेकडी, नदी आणि भोवतालची दहा गावठाणे या सगळ्यांनी आपली जागा सोडली तेव्हा सुमारे ११६० हेक्टरांचा विमानतळ उभा राहिला. कमळाच्या आकाराचे टर्मिनल पाहायला माणसे येतील. ती टेकडी मात्र सांगणारा कोणी असल्याशिवाय कोणालाच दिसणार नाही. ओवळे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, गणेशपुरी, कोंबडभुजे ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत, त्यांच्याच तोंडून या परिसराची खरी ओळख होऊ शकते.

खाडीच्या बाजूला मोरावे, न्हावा, गव्हाण या गावांत कोळी आणि आगरी जीवनाच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत. भरती-ओहोटीवर चालणारी मासेमारी, खारभूमीच्या बांधाआडची भातशेती आणि मिठागरे यांवर येथील अर्थव्यवस्था शतकानुशतके उभी होती. खाडीवर भराव पडले, बंदर आले, सेतू आला आणि मासेमारीचे क्षेत्र आकसत गेले. तरी तांदळाची भाकरी, निवटीचे कालवण, सुका जवळा आणि चिंबोरी या घरांतून हद्दपार झालेली नाही. थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्यात शिजवली जाणारी पोपटी हा तर रायगडचा खास सोहळा. ती हॉटेलात पानावर येऊ शकेल, पण तिची गंमत शेताच्या कडेला, जाळाभोवती बसण्यात असते. गाडी घेऊन फिरणाऱ्या पर्यटकाला याहून चांगली संध्याकाळ कोण देणार?

तेथून काही किलोमीटरवर जासई आहे, लोकनेते दि. बा. पाटील यांचे गाव. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याच्या धोरणामागे हा लढा आहे. पुढे विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा पर्याय मिळाला, त्याचीही मुळे तेथेच आहेत. विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे, ही मागणी इतकी तीव्र का झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा ठराव का केला, हे जासईला गेल्याशिवाय कळत नाही.

आणखी थोडे पुढे चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथे जंगल सत्याग्रह झाला आणि त्यात झालेल्या गोळीबारात सत्याग्रहींनी प्राण गमावले. गोवा महामार्गाला लागताच शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे झाला. त्याच रस्त्यावर कर्नाळा आहे. १९६८ मध्ये अवघ्या ४.४८ चौरस किलोमीटरवर सुरू झालेले हे पक्षी अभयारण्य २००३ मध्ये १२.११ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आले. अंगठ्यासारख्या सुळक्याचा किल्ला आणि त्याखालचे रान पाहायला सकाळी लवकरच पोहोचावे लागते. ज्याचा मुक्काम जवळ आहे, त्यालाच ते जमते. समुद्राकडे वळले तर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेली घारापुरीची लेणी प्रशासकीयदृष्ट्या उरण तालुक्यातच येतात. पण पर्यटक मात्र गेटवे ऑफ इंडियाहून जातो आणि तेथेच परततो. ज्या तालुक्याच्या हद्दीत हा वारसा आहे, त्याच्या पदरी या वर्दळीतले फारच थोडे पडते.

दोन दिवसांचा मुक्काम सहज भरून निघेल एवढा हा ऐवज आहे. धार्मिक पर्यटनाची त्यात भर पडणार आहे. उलव्यात तिरुमला तिरुपती देवस्थानच्या बालाजी मंदिरासाठी सिडकोने दहा एकर जागा दिली आणि ७ जून २०२३ रोजी भूमिपूजन झाले. किनाऱ्यालगतच्या या जागेच्या निवडीला पर्यावरणप्रेमींनी आक्षेप घेतला, ही नोंदही येथे आवश्यक आहे. कारण गर्दी खेचणारे प्रत्येक नवे ठिकाण खाडीच्या जमिनीवरच का, हा प्रश्न उलव्याला वारंवार विचारावा लागणार आहे.

अडचण पाण्याची आणि मैल्याची

कॅराव्हॅनची भलामण करताना तिच्या अडचणीही तितक्याच स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. अशी गाडी दोन गोष्टी मागते आणि दोन गोष्टी मागे टाकते. तिला पाणी आणि वीज लागते. ती सांडपाणी आणि मैला टाकते. मागितलेले मिळाले नाही तर प्रवासी वैतागतो. टाकायचे तेथे टाकले नाही तर गाव वैतागते.

न्यूझीलंडने हा धडा महागात घेतला. सुंदर किनाऱ्यांवरील छोट्या गावांत गाड्या कुठेही उभ्या राहू लागल्या, आडोशाला घाण होऊ लागली आणि ज्या पर्यटकांचे स्वागत व्हायचे त्यांच्याविरुद्ध गावकरी तक्रारी करू लागले. २०११ मध्ये तेथे मोकळ्या जागेतील मुक्कामासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तोही पुरेसा ठरला नाही म्हणून २०२३ मध्ये नियम आणखी कडक करण्यात आले: सार्वजनिक जागेवर अशा मुक्कामाची मुभा मुख्यत्वे ज्या गाडीत पक्के बसवलेले शौचालय आहे तिलाच. तेथील लोकसंख्या विरळ आहे. उलव्यासारख्या दाट आणि वाढत्या वसाहतीत ही वेळ फार लवकर येईल.

पाण्याचा विचार करता उलव्याची भिस्त पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या पाण्यावर आहे. नव्या इमारती जितक्या वेगाने उभ्या राहिल्या, तितक्या वेगाने पाणी वाढले नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या रहिवाशासमोर पर्यटकाच्या गाडीची टाकी भरली जाऊ लागली, तर त्या पर्यटनाला सदिच्छा मिळणार नाही. त्यामुळे मुक्कामाच्या जागेला पावसाचे पाणी साठवणे आणि वापरलेले पाणी शुद्ध करून झाडांना व गाड्या धुण्यासाठी वापरणे बंधनकारक असले पाहिजे. दरवर्षी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या रायगड जिल्ह्यात हे अशक्य मुळीच नाही.

दुसरी अडचण रस्त्याची. बंदराकडे जाणारे कंटेनर ट्रेलर गव्हाण फाटा आणि जासई परिसरातील रस्त्यांचे मुख्य मालक झाले आहेत. रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या अवजड वाहनांच्या रांगांतून कुटुंबाची गाडी नेणे ही सहल नव्हे, ती परीक्षा आहे. तिसरी अडचण कारभाराची. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महापालिका स्थापन झाली, तेव्हा उलवे तिच्या हद्दीत आले नाही. नियोजन सिडकोचे, जुन्या गावांचा कारभार ग्रामपंचायतींचा, महसूल तालुक्याचा, मोठे रस्ते आणखी वेगळ्या यंत्रणांचे. जर्मनीतील छोट्या शहराचा महापौर एका ठरावाने वेशीवरचा तुकडा मोकळा करू शकतो. उलव्यात तो तुकडा कोणाचा, येथूनच चर्चेला सुरुवात होते.

आणखी एक बाब धोरणांच्या कागदांत सहसा येत नाही. आपल्याकडे भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कॅराव्हॅनबरोबर चालक येतो. कुटुंब गाडीत झोपते; चालकाने झोपायचे कुठे? टपावर, चहाच्या टपरीच्या बाकावर की पुढच्या आसनावर पाय दुमडून? दुसऱ्या दिवशी घाटातून गाडी काढणाऱ्या माणसाची झोप ही चैन नसून सुरक्षिततेची अट आहे. परदेशी नमुना जसाच्या तसा उचलला की नेमका हा माणूस नकाशातून गळतो. उलव्यातील जागेत चालकांसाठी खाटांची स्वच्छ खोली, स्नानगृह आणि जेवणाची सोय नसेल, तर ती जागा महाराष्ट्रासाठी बनलेली नाही असेच म्हणावे लागेल.

लाभ कोणाच्या दारी?

मूठभर हौशी प्रवाशांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो गैरलागू नाही. अटल सेतूवर सुरुवातीला ठरलेला एकेरी पथकर कारला २५० रुपये आणि मिनीबसला ४०० रुपये होता; कॅराव्हॅनचे भाडे त्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक. या सहलीचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण कॅराव्हॅनला जे लागते ते केवळ कॅराव्हॅनलाच लागते असे नाही. सुरक्षित वाहनतळ, प्यायचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छ आणि उजेडाची स्वच्छतागृहे, चार माणसांना स्वयंपाक करता येईल असा ओटा, परिसराची माहिती देणारा माणूस या गोष्टी अष्टविनायकाच्या टेम्पो ट्रॅव्हलरला लागतात, गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याला लागतात, शाळेच्या सहलीच्या एसटीला लागतात. महाड आणि पाली ही अष्टविनायकांतील दोन स्थाने रायगड जिल्ह्यातच आहेत. दहा कॅराव्हॅन आणि पन्नास इतर गाड्या अशा बेताने ही जागा आखली, तर श्रीमंतांच्या हौसेसाठी केलेला खर्च हा आक्षेप आपोआप गळून पडतो.

खरा प्रश्न मालकीचा आहे. जुलै २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या नव्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार यांचे उद्दिष्ट आहे. एवढ्या आकड्यांच्या ओघात मोठे भूखंड, मोठी हॉटेले आणि मोठे गुंतवणूकदार यांच्याकडेच लक्ष जाणे स्वाभाविक. विमानतळाशेजारची जमीन तर सोन्याच्या भावाची. अशा ठिकाणी गाड्या उभ्या करण्यासाठी जागा राखणे हा नियोजनकारांना अपव्यय वाटेल. परंतु याच परिसरात प्रकल्पग्रस्तांना मिळालेले साडेबारा आणि साडेबावीस टक्क्यांचे भूखंड आहेत. त्यांतील कित्येक विकासकांच्या हाती गेले. पैसा आला तसा गेला आणि पुढच्या पिढीच्या हाती ना शेत राहिले ना धंदा. कॅराव्हॅनच्या मुक्कामाला बारा मजली इमारत लागत नाही. सपाट जमीन, कुंपण, झाडे, नळ, विजेची जोडणी आणि सांडपाण्याची टाकी एवढ्यावर तो सुरू होतो. म्हणजे भूखंड न विकता त्यावर उत्पन्न मिळवण्याचा हा थोड्या भांडवलाचा मार्ग आहे. चार-सहा भूधारकांनी सहकारी संस्था करून तो अवलंबायचा ठरवल्यास परवानग्या, कर्ज आणि पर्यटन संचालनालयाकडील नोंदणी यांत त्यांना पहिला मान मिळायला हवा.

बरोबरीने गावच्या तरुणांना वाटाड्याचे रीतसर प्रशिक्षण देता येईल. मोराव्याची खाडी, जासईचा लढा, चिरनेरचा सत्याग्रह आणि सपाट झालेली टेकडी यांची गोष्ट बाहेरून आलेल्या पगारी माणसाने पाठ करून सांगण्यापेक्षा ज्याच्या आजोबांचे शेत धावपट्टीखाली गेले त्याने सांगावी. महिला बचत गटांना भाकरी-कालवणाचे आणि हंगामात पोपटीचे काम मिळेल. मासळीची विक्री दलालाऐवजी थेट मुक्कामाच्या जागी होईल. या प्रत्येक गोष्टीतून मिळणारी रक्कम लहान असेल. पण ती गावात राहील.

नियोजनाच्या दृष्टीने मागणीही फार मोठी नाही. विमानतळ आणि अटल सेतू यांच्यामधील टापूत, खाडीपासून आणि तिवरांपासून पुरेशा अंतरावर, दोन-तीन एकरांची एक जागा सिडकोने निश्चित करावी. मैला गाडीतून थेट मलनिस्सारण वाहिनीत सोडण्याची सोय तेथे असावी आणि अन्यत्र टाकणाऱ्यास जबर दंड. तिच्या उभारणीसाठी प्रकल्पग्रस्तांच्या संस्थांना प्राधान्य मिळावे. पुढची कडी कर्नाळ्याच्या वनहद्दीबाहेर, त्यापुढची पालीच्या वाटेवर आणि मग अलिबाग-मुरूडकडे, अशी साखळी पर्यटन विभागाने आखावी. धोरण झाल्यानंतरची वर्षे वाया गेली असतील. विमानतळ नुकताच सुरू झाला आहे, म्हणजे घडी बसवण्याची वेळ अजून हातची गेलेली नाही. रिक्षाथांबे, टॅक्सीतळ, हॉटेलांच्या जागा एकदा ठरून गेल्या की मग मागाहून आलेल्याला कोपराही मिळत नाही, हा नवी मुंबईचाच अनुभव आहे.

उलव्याने गेल्या पन्नास वर्षांत इतरांच्या प्रवासासाठी जमीन दिली, टेकडी दिली, नदीची वाट बदलू दिली. बंदराकडे जाणारा माल, मुंबईकडे जाणारी गाडी आणि आकाशात झेपावणारे विमान या सर्वांना येथून रस्ता मिळाला. आता त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी काहींनी रात्रभर येथे थांबावे, सकाळी खाडीवर जाऊन यावे, भाकरी खावी आणि या गावाचे नाव लक्षात ठेवून पुढे जावे, इतकीच अपेक्षा आहे. त्यासाठी दोन-तीन एकर जागा राखून ठेवणे, ११६० हेक्टरांचा विमानतळ उभारणाऱ्या यंत्रणेला जड जाऊ नये.